वाचकांचे प्रश्न : फीचा आकडा आणि पैशाची वाट

गेल्या अंकात उच्च शिक्षणाच्या शुल्काविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले आणि त्यावर नाशिक शहर व जिल्ह्यातून अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. प्रवेशाचे दिवस असल्यामुळे तसे झाले असावे. काही पत्रे विद्यार्थ्यांची आहेत, काही पालकांची, आणि एक पत्र अशा निवृत्त प्राध्यापकांचे आहे, ज्यांच्याशी वाद घालण्याचा आनंद प्रस्तुत लेखकाने पूर्वीही घेतलेला आहे. ‘शिक्षणाचे बाजारीकरण’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, पण प्रत्येकाच्या मनातला त्याचा अर्थ निराळा आहे. त्यातली सहा पत्रे येथे निवडली आहेत. बहुतेकांनी नाव छापू नये असे कळवल्यामुळे सर्वांचीच नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात ती फीवाढीविरुद्धच्या मोर्चात गोल्फ क्लब मैदानापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत चालत गेली. ‘शिक्षणाचे बाजारीकरण थांबवा’ असे तिचे म्हणणे आहे. माझे किराणा दुकान आहे, मला बाजार कळतो. माल चांगला असेल आणि भाव रास्त असेल, तर बाजारात वाईट ते काय? — एक पालक, सिन्नर

उत्तर : आपले दुकान आहे, हे उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीने सोयीचे आहे, कारण बाजाराचे नियम आपल्याला समजावून सांगावे लागणार नाहीत. गिऱ्हाईक माल हाताळून पाहते, शेजारच्या दुकानात भाव विचारते, डाळीत खडे निघाले तर पुडा परत आणून देते आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाते. पदवीच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. माल कसा होता हे चार वर्षांनी, नोकरी शोधताना कळते. तो परत करता येत नाही आणि सहसा आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो. शिवाय कोणत्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा हे दुकानदार गुण पाहून ठरवत नाही. महाविद्यालय मात्र तसेच ठरवते. त्यामुळे ‘किंमत रास्त ठेवली की बाजार आपोआप नीट चालतो’ हा आपला अनुभव शिक्षणाला जसाच्या तसा लागू होत नाही.

आपल्या राज्यात या व्यवहाराची सुरुवात ढोबळमानाने १९८३ पासून धरता येते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये काढण्याची परवानगी मिळाली. त्याआधी ऐपतदार घरातील मुले कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठीची देणगी, भरून कर्नाटकात जात असत, हे खरे आहे. या धोरणामुळे तालुक्याच्या गावांपर्यंत तंत्रशिक्षण पोहोचले, हेही नाकारता येणार नाही. परंतु महाविद्यालय चालवण्याचा पैसा सरकारी अनुदानातून न येता विद्यार्थ्याच्या खिशातून यावा, ही दिशा त्या वेळी ठरली. देणग्यांचा सुळसुळाट एवढा झाला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा कमी शुल्काच्या आणि निम्म्या जागा भारी शुल्काच्या अशी योजना घालून दिली, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत काढली आणि २००५ मध्ये आपल्याच राज्यातून गेलेल्या इनामदार खटल्यात विनाअनुदानित संस्थांची स्वायत्तता आणखी स्पष्ट केली. या निकालांचा एकत्रित मथितार्थ असा, की संस्थेने नफेखोरी करू नये, पण विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवावी.

आता ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कोणी ठरवायचे? २०१५ च्या कायद्याने त्यासाठी शुल्क नियामक प्राधिकरण नेमले. संस्थेने सादर केलेल्या हिशेबावरून हे प्राधिकरण प्रत्येक महाविद्यालयाचे शुल्क निश्चित करते. ही पद्धत आपल्या दुकानाला लावून पाहा : आपला जो खर्च झाला तो भाव म्हणून मंजूर होणार असेल, तर गोदामाचे भाडे कमी करून घेण्याची घाई आपण कराल का? मंजूर शुल्क प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. मुलीला ते काढून दाखवायला सांगा आणि महाविद्यालयाच्या पावतीशेजारी ठेवून दोघांनी मिळून वाचा. मोर्चाला जाण्यापूर्वी तिने ते वाचले असेल, तर तिला रागावण्याचे कारण मला दिसत नाही.

एक माहिती आपल्या उपयोगाची आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. मात्र ही सवलत मिळाल्याने फी कमी होत नाही. ती भरणारा बदलतो. महाविद्यालयाचा भाव तोच राहतो आणि तो मुलीच्या वतीने सरकार चुकते करते. हा फरक पुढच्या उत्तरांतही लागणार आहे.

प्रश्न : मी विद्यार्थी असताना स्वतः संपात होतो, तरीही आता मनात शंका येते. येवल्याचा कांदा उत्पादक आणि पेठ तालुक्यातला मजूर जो अप्रत्यक्ष कर भरतो, त्यातून गंगापूर रोडवरच्या सुखवस्तू मुलाची पदवी स्वस्त का करावी? महात्मा फुल्यांनी हाच आक्षेप घेतला नव्हता का? — एक निवृत्त प्राध्यापक, नाशिकरोड

उत्तर : सर, हा आक्षेप या विषयातला सर्वांत बळकट आक्षेप आहे आणि चळवळीतली माणसे त्याला सहसा घोषणेने उत्तर देतात, हे मान्य आहे.

बाजाराभिमुख धोरणाच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य युक्तिवादही हाच आहे. जागतिक बँकेने १९९४ मध्ये उच्च शिक्षणावरचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांकडून खर्चाचा वाटा घेणे, खासगी संस्थांना वाव देणे आणि गरजूंना कर्ज व शिष्यवृत्ती देणे हा रस्ता सुचवला होता. आपल्याकडे त्याच सुमारास न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आवर्ती खर्चाचा १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के हिस्सा स्वतः उभा करावा, अशी शिफारस केली. १९९७ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या अनुदानविषयक टिपणात उच्च शिक्षण अशा सेवांच्या रकान्यात गेले, ज्यांना अनुदानाचा हक्क कमी. आणि एप्रिल २००० मध्ये मुकेश अंबानी व कुमारमंगलम बिर्ला यांच्या अहवालाने ‘वापरणाऱ्याने पैसे द्यावेत’ हे तत्त्व उघडपणे मांडले. जाता जाता विद्यापीठांच्या आवारातील राजकीय हालचालींवर बंदी घालावी, असेही सुचवले. या दोन सूचना एकाच अहवालात याव्यात, हा मला योगायोग वाटत नाही.

आता फुल्यांकडे वळू. १८८२ मध्ये शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन आपण वर्गात शिकवले असेल, म्हणून आठवण करून देण्याचे धाडस करतो. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला मिळतो, हा आरोप त्यांनी केला आहेच. पण हे निवेदन उद्धृत करणारे बहुतेक जण येथेच थांबतात. फुले पुढे जातात. जनसामान्यांच्या शिक्षणाची हेळसांड झाली ही ओरड काही अंशी खरी असली, तरी देशाचे हित पाहणारा कोणीही या घडीला सरकारने उच्च शिक्षणाचा हात सोडावा असे म्हणणार नाही. जो वर्ग मागे राहिला आहे त्याचीही तितकीच काळजी वाहावी, एवढेच मागणे आहे, आणि सरकारी मदत काढून घेतली तर एकूण शिक्षणप्रसारालाच धक्का बसेल, अशा आशयाची त्यांची मांडणी आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या पैशावर शिकणारा वर्ग बदलावा असे त्यांना हवे होते. दार बंद करून पैसे वाचवण्याचा सल्ला त्यांच्या निवेदनात नाही.

गंगापूर रोडच्या मुलाबद्दलचा आपला राग तरीही शिल्लक राहतो, आणि त्याला दोन प्रकारे हात घालता येतो. एक म्हणजे त्याच्याकडून फी घ्यायची आणि पेठच्या मुलीला सवलत द्यायची. कागदावर हे न्याय्य दिसते. व्यवहारात पेठच्या मुलीला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातपडताळणी, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज, आधारशी जोडलेले बँक खाते एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि गंगापूर रोडचा मुलगा एका धनादेशावर आत जातो. दुसरा प्रकार असा, की दोघांनाही आत येऊ द्यायचे आणि पुढे मुलगा कमावू लागला की त्याच्याकडून प्राप्तिकर घ्यायचा. मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. माझ्या स्वतःच्या वेळी तलाठ्याचा दाखला जोडून ई.बी.सी.चा (आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या फी सवलतीचा) अर्ज दिला की फीचा विषय संपत असे, आणि त्या सवलतीवर शिकलेल्या पिढीने ते पैसे पगारातून कापल्या गेलेल्या करात कितीतरी पटींनी परत केले आहेत. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करण्याचे उद्दिष्ट १९८६ साठी ठेवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा उद्दिष्ट म्हणून आला आहे, यावरून मधल्या काळात काय झाले ते आपण ओळखालच.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातील असून नाशिकमध्ये आदिवासी मुलींच्या शासकीय वसतिगृहात राहते. आमच्या मोठ्या ताई सांगतात की २०१८ मध्ये मुलांनी पुण्याहून नाशिकपर्यंत पायी मोर्चा काढला होता. मेसऐवजी खात्यात पैसे मिळतात, तर त्याला विरोध कशासाठी होता? पैसे हातात आले तर चांगलेच ना? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुमचा प्रश्न साधा वाटतो, पण तो या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१८ हे नाशिककरांच्या लक्षात राहिलेले वर्ष आहे, कारण त्या मार्चमध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च येथूनच मुंबईकडे निघाला होता. त्याच वर्षी जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे चालत निघाले आणि नाशिक शहर गाठण्याआधीच पोलिसांनी त्यांना अडवले. वसतिगृहातील भोजनगृह बंद करून जेवणाची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात थेट जमा करण्याच्या निर्णयाला, म्हणजे बोलीभाषेत डीबीटीला, त्यांचा विरोध होता.

पैसे हातात येणे वाईट नाही. पण भोजनगृह असते तेव्हा जेवण देण्याची जबाबदारी शासनाची असते. भाजीचा भाव वाढला, गॅस महागला, ठेकेदार पळाला, तरी संध्याकाळी ताट वाढले गेले पाहिजे आणि ते वाढले नाही तर गृहपालाला जाब विचारता येतो. रक्कम खात्यात आली की ही जबाबदारी तुमच्याकडे येते. भाव वाढला तर तुम्ही बघायचे, हप्ता दोन महिने उशिरा आला तर तुम्ही उसनवारी करायची, आणि घरी कोणी आजारी पडले तर त्याच पैशातून घरी पाठवायचे. हक्काचे जेवण मिळवणारी विद्यार्थिनी खाणावळीची गिऱ्हाईक होते, आणि गिऱ्हाइकाची तक्रार खाणावळवाल्याकडे असते, शासनाकडे नसते. स्वयंपाक करणाऱ्या बायांचे काम जाते, ती गोष्ट वेगळीच.

शिष्यवृत्तीतही असाच बदल झाला आहे. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असे सूत्र २०२०-२१ पासून आले, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊन तेथून त्याने महाविद्यालयाची फी भरायची, अशी व्यवस्था झाली. रक्कम उशिरा आली की महाविद्यालयाचा कारकून शासनाला पत्र पाठवण्याऐवजी विद्यार्थ्याला खिडकीवर बोलावतो. टाटा समाजविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये जो संप केला, तो याच शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह व भोजनाच्या शुल्कात मिळणारी सूट संस्थेने काढून घेतल्यामुळे होता.

आणि मेसचा विषय किरकोळ आहे, असे कोणी म्हणाले तर त्यांना अहमदाबादची गोष्ट सांगा. डिसेंबर १९७३ मध्ये तेथील एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात मेसचे बिल २० टक्क्यांनी वाढले आणि विद्यार्थी चिडले. त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे राहिले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वसतिगृहाच्या शुल्कावरून आंदोलन झाले. खोलीचे भाडे दहा रुपयांवरून ३०० आणि वीस रुपयांवरून ६०० केले, एवढेच वर्तमानपत्रांतून गाजले आणि ‘दहा रुपयांत राहायचे तरी किती दिवस’ अशी चेष्टाही झाली. खरा मुद्दा दरमहा १,७०० रुपयांच्या नव्या सेवाशुल्काचा होता, कारण वसतिगृहातील सफाई, देखभाल आणि मेस कामगारांचा खर्च त्यामुळे विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातून उठून विद्यार्थ्यांच्या बिलावर येणार होता. भाड्याचा आकडा सर्वांच्या डोळ्यांत भरला, हा खर्च मात्र फारसा कोणी पाहिला नाही.

प्रश्न : जगात कुठे विद्यार्थ्यांनी असे धोरण खरोखर मागे घ्यायला लावले आहे का, की चार दिवस घोषणा आणि मग परीक्षा? — पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : दोन्ही घडले आहे, आणि हरलेल्या लढ्यापासून आरंभ करणे अधिक उपयोगाचे ठरेल.

ब्रिटनमध्ये १९९८ पर्यंत विद्यापीठीय शिक्षणाला फी नव्हती. त्या वर्षी एक हजार पौंड फी आली, २००६ पासून तीन हजारांची मर्यादा आली आणि २०१० मध्ये ती नऊ हजारांवर नेण्याचा प्रस्ताव आला. १० नोव्हेंबर २०१० रोजी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि सत्ताधारी पक्षाच्या मुख्यालयाच्या काचा फुटल्या. ९ डिसेंबरला संसदेत प्रस्ताव ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी मंजूर झाला. फीवाढीला विरोध करण्याची लेखी शपथ घेऊन निवडून आलेल्या सत्तेतल्या छोट्या पक्षाचे अनेक खासदार तेव्हा बाजू बदलून बसले होते. चर्चा सारी नऊ हजारांच्या आकड्याची झाली. दरम्यान कला आणि सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनासाठी विद्यापीठांना मिळणारे थेट अनुदान जवळजवळ नाहीसे झाले आणि त्याची जागा विद्यार्थ्याच्या नावावरच्या कर्जाने घेतली. फी उद्या कमी झाली असती, तरी अनुदानाची ती वाट पुन्हा उघडणे कठीण होते.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात २०१२ मध्ये विद्यार्थी जिंकले. पाच वर्षांत वार्षिक फी २,१६८ डॉलरवरून ३,७९३ डॉलरवर नेण्याचा तेथील सरकारचा बेत होता. फेब्रुवारीत संप सुरू झाला आणि छातीवर लाल कापडाचा चौकोनी तुकडा ही त्याची खूण ठरली. मे महिन्यात सरकारने पन्नासहून अधिक लोकांच्या मोर्चासाठी आठ तास आधी पोलिसांना कळवण्याची सक्ती करणारा कायदा केला, आणि तोच त्यांच्या अंगलट आला : रोज रात्री सामान्य कुटुंबे बाल्कनीत आणि रस्त्यावर येऊन भांडी वाजवू लागली. सप्टेंबरच्या निवडणुकीत सरकार पडले आणि नव्या सरकारने फीवाढ रद्द केली. पुढच्याच वर्षी मात्र त्याच नव्या सरकारने दरवर्षी थोडी थोडी वाढ लागू केली. मोठा दगड हटला आणि खडी तेवढी राहिली, असे म्हणा हवे तर.

दक्षिण आफ्रिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये विटवॉटर्सरँड विद्यापीठाने १०.५ टक्के फीवाढ सुचवली, आंदोलन देशभर पसरले आणि २३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांनी पुढच्या वर्षी शून्य टक्के वाढ जाहीर केली. त्या विद्यार्थ्यांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी फीबरोबरच आवारातील सफाई व सुरक्षा कामगारांना ठेकेदाराकडून काढून विद्यापीठाच्या सेवेत घ्यावे, ही मागणी लावून धरली आणि अनेक विद्यापीठांना ती मान्य करावी लागली. गडकरी चौकात आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांचे बिऱ्हाड आंदोलन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दोन मागण्यांमधला धागा सांगावा लागणार नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक आणि वाढीव फी भरणारा विद्यार्थी हे एकाच अंदाजपत्रकाच्या दोन ओळींत बसलेले असतात. दुर्दैवाने आपल्याकडे त्यांचे मोर्चे वेगवेगळ्या दिवशी निघतात.

सर्वांत लांब पल्ल्याचा लढा चिलीचा. १९८१ मध्ये पिनोशेच्या लष्करी राजवटीने तेथील विद्यापीठे बाजाराच्या तत्त्वावर उभी केली. खासगी विद्यापीठांना कायद्याने नफा कमावण्याची मनाई होती, पण मालक स्वतःच्याच बांधकाम कंपनीकडून इमारत भाड्याने घेत आणि भाड्याच्या रूपाने नफा बाहेर काढत. (आपल्याकडेही शिक्षणसंस्था कायद्याने धर्मादाय न्यास किंवा सोसायटी असते. यापुढचे वाक्य वाचकांनी स्वतः पूर्ण करावे.) २००६ पासून सरकारी हमीवर बँकांची शैक्षणिक कर्जे आली. २०११ च्या मे महिन्यापासून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांची घोषणा ‘फी कमी करा’ अशी नव्हती. ‘शिक्षणात नफा नको’ अशी होती. त्यांनी हिशेबही मांडला होता. तीन लाख विद्यार्थ्यांच्या मोफत शिक्षणाला वर्षाला १८० कोटी डॉलर लागतील, हे सांगण्यासाठी त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाभोवती आळीपाळीने १,८०० तास धावण्याचा उपक्रम केला. शिक्षणमंत्री बदलले, कर्जाचा व्याजदर सुमारे सहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला, कॅमिला वायेहो आणि गाब्रिएल बोरिच हे विद्यार्थी नेते २०१३ मध्ये संसदेत निवडून गेले, आणि २०१६ पासून सर्वांत गरीब निम्म्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना मोफत उच्च शिक्षण सुरू झाले. बोरिच २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २०११ मध्ये पहिल्या वर्षाला असलेल्या बहुतेकांच्या पदव्या मोफत शिक्षण यायच्या आत संपून गेल्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे.

जर्मनीचे उदाहरण थोडक्यात : २००५ च्या न्यायालयीन निकालानंतर अनेक राज्यांनी सत्राला पाचशे युरोपर्यंत फी लावली आणि २०१४ पर्यंत एकेक करून सर्व राज्यांनी ती काढून टाकली.

आपल्या देशात ऑक्टोबर २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या संशोधकांची पाठ्यवृत्ती बंद करण्याचे ठरवले. एम.फिल.ला महिना पाच हजार आणि पीएच.डी.ला आठ हजार एवढीच ती रक्कम होती. विद्यार्थी आयोगाच्या दिल्लीतील कार्यालयासमोर मुक्कामाला बसले आणि पाठ्यवृत्ती वाचली. त्या आंदोलनाने जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा करारात उच्च शिक्षण बांधून घेण्याचा, म्हणजे ते व्यापारासाठी खुले ठेवण्याची हमी देण्याचा, प्रश्नही उचलला होता, कारण त्याच डिसेंबरमध्ये नैरोबीला संघटनेची मंत्रिपरिषद होती. आठ हजार रुपयांचा संबंध नैरोबीशी जोडणे अनेकांना तेव्हा अतिशयोक्त वाटले. मला ते त्या आंदोलनाचे शहाणपण वाटते.

तुमच्या प्रश्नातील ‘मग परीक्षा’ हा टोमणा रास्त आहे. विद्यार्थी तीन वर्षांत बदलतो आणि धोरण तीस वर्षे टिकते. ज्या ठिकाणी विद्यार्थी संघटनांनी मागच्या तुकडीचा हिशेब पुढच्या तुकडीच्या हाती दिला, तेथे लढे टिकले.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी प्रतिनिधी निवडणुकीने का येत नाहीत? — प्रथम वर्ष कला, नाशिक

उत्तर : १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वादातून ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला, आणि त्यानंतर निवडणुकांविरुद्ध जनमत तयार झाले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेनुसार नेमणुकीची पद्धत आणली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, २०१९ मध्ये वेळापत्रकही निघाले आणि ते पुढे ढकलले गेले. त्यामुळे फीवर बोलायला निवडून आलेला माणूस नाही आणि जे बोलतात त्यांना ‘तुम्हाला कोणी निवडले’ असे विचारण्याची सोय मात्र आहे. तुमचे वर्गमित्र अठरा वर्षांचे झाले असतील, तर ते आमदार निवडू शकतात. वर्ग प्रतिनिधी मात्र निवडू शकत नाहीत.

प्रश्न : मुलाला दुसरीकडे प्रवेश मिळाला, पण पहिले महाविद्यालय भरलेली फी आणि मूळ कागदपत्रे परत देत नाही. मोर्चा काढणे आमच्या वयाला जमणारे नाही. काय करावे? — एक पालक, सातपूर

उत्तर : मोर्चाची गरज पडू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. पडताळणी करून ती लगेच परत द्यायची असतात. फीच्या परताव्याचे प्रमाण तारखेवर अवलंबून आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला असेल तर पूर्ण रक्कम (त्यातून प्रक्रिया खर्चापोटी पाच टक्के, कमाल पाच हजार रुपये कापता येतात), अंतिम तारखेपूर्वीच्या पंधरा दिवसांत रद्द केला असेल तर ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, तारखेनंतरच्या सोळाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के, आणि पुढे काही नाही. अलीकडे काही वर्षी आयोगाने स्वतंत्र परिपत्रक काढून याहून अधिक सवलत दिली आहे, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक पाहून घ्यावे. प्रवेश सीईटी कक्षाच्या फेरीतून झाला असेल, तर त्या कक्षाचे परताव्याचे नियम लागू होतील.

प्रवेश रद्द करण्याचा अर्ज तोंडी न करता लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा, कारण टक्केवारी त्या तारखेवरून ठरते. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि तेथेही दाद न मिळाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. २०२३ च्या विनियमांनी समिती आणि लोकपाल हे दोन्ही बंधनकारक केली आहेत. अर्जात महाविद्यालयाच्या वागणुकीविषयी लिहू नका. तारीख, पावतीचा क्रमांक, भरलेली रक्कम आणि परत हवी असलेली रक्कम एवढेच लिहा.